ओपलबाईंच्या पिकअपमधला सूं

३ ऑक्टोबर, मंगळवार

ओपल स्ट्राउडबाई सकाळीच पिकअप घेऊन दारात. म्हणे, गाडीतून आवाज येतो. मी म्हटलं, काढून दाखवा. आमच्या गॅरेजचा रिवाजच आहे – आधी गिऱ्हाइकाने तोंडाने आवाज काढायचा, मगच मी गाडीला हात लावणार. अख्ख्या गावाला सवय झालीये. गेल्या आठवड्यात पोस्टातल्या बाईंनी असा काही खडखडाट काढला की त्यांची कवळी सुटली. (गाडी ठणठणीत होती. सीटखाली केकचा रिकामा डबा.)

ओपलबाई वय वर्षं चौऱ्याहत्तर. ओठांचा चंबू केला आणि – "सूंऽऽऽ". त्यांच्या कुत्र्याने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं.

मग फेरी. मालकाने चालवायचं, मी शेजारी डोळे मिटून बसायचं. रेडिओ बंद, तोंड बंद. यातलं दुसरं जमायला ओपलबाईंना तीन मैल लागले.

"हा बघ, आला. ऐकलास ना?"

मला काहीही ऐकू आलं नाही.

"ऐकला," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे.

४ ऑक्टोबर

का म्हटलं ते मला चांगलं ठाऊक आहे. इथे लिहायला काय हरकत आहे?

अडतीस वर्षं मी कानावर जगलोय. गाडी सुटताना एकदाच ठोका – शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेला. वळणावर गुरगुर बदलली – चाकाचं बेअरिंग. पाय दाबला की रडते, सोडला की गप्प – मागचा डिफरन्शियल, चाकांमधली ती दातेरी चक्रांची पेटी. ओपलबाईंचा नवरा वॉल्ट चारचौघांत सांगायचा, "ऑर्विलच्या दारावरून गाडी नुसती न्या, तो आतूनच ओरडेल काय बिघडलंय ते." त्याने हे इतक्यांदा सांगितलं की लोकांना खरं वाटायला लागलं. मलाही!

आता तोच कान गेला असेल तर राहिलं काय? पाने-पकडी असलेला एक म्हातारा. तसले शहरात ढिगाने मिळतात.

६ ऑक्टोबर

टायर म्हणून सांगितलं. पुढचे मागे, मागचे पुढे केले. ओपलबाई एक फेरी मारून परत.

"आहे रे अजून. उलट जरा सुरात आलाय."

पुन्हा शेजारी बसलो. डोळे इतके गच्च मिटले की तारे चमकले. सूं नाही की सां नाही.

"मागचा डिफरन्शियल," मी छातीठोकपणे म्हटलं.

"बघ, मला वाटलंच होतं," ओपलबाई. त्यांना डिफरन्शियल कशाशी खातात ते माहीत नाही.

९ ऑक्टोबर

डिफरन्शियल उघडला. आतले दात माझ्यापेक्षा चांगले. तेलात लोखंडाचा कण नाही. कालचा शिकाऊ असता तरी त्याने झाकण लावून गाडी परत दिली असती. मी मात्र दोन्ही बेअरिंगं नवी बसवली. जुनी काढून बाकावर ठेवली आणि त्यांच्याकडे बघत कॉफी प्यायलो. बोटाने फिरवली तर लोण्यासारखी फिरत होती.

पण ओपलबाईंना ऐकू येतं आणि मला येत नाही, म्हणजे खोट कुठे आहे हे उघड आहे. दिवसभर मन खट्टू.

१० ऑक्टोबर

"तसाच आहे," ओपलबाई म्हणाल्या. वर मलाच धीर दिला – "होईल रे, घाई नाही."

११ ऑक्टोबर

व्हर्नाला फेरीला नेलं. बायकोचे कान तिखट आहेत. मी गोदामात बिस्किटाचा पुडा फोडला तर हिला स्वयंपाकघरात कळतं. कारण सांगितलं नाही, नुसतं म्हटलं चल फिरून येऊ. चौदा वर्षांत मी असं म्हटलं नव्हतं, त्यामुळे तिला लगेच संशय आला.

"मलाही काही ऐकू येत नाहीये," ती म्हणाली.

मनात म्हटलं, बिचारी माझी समजूत घालतेय. आमच्या लग्नात हिने माझ्या नाचाचंही कौतुक केलं होतं.

जेवायला राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल. रोल चिलीत बुडवता बुडवता तिने विचारलं, "वेग वाढवला की वाढतो का? तूच विचारतोस ना सगळ्यांना."

"ओपलबाई म्हणतात सारखाच राहतो."

"मग?"

"डिफरन्शियलमधलं पिनियन चक्र हट्टी आहे."

तारेच्या कुंपणात अडकलेल्या गाईकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि आणखी एक रोल वाढला.

१२ ऑक्टोबर

किपला फोन केला.

१३ ऑक्टोबर

किप म्हणजे कॅस्पर शहरातला तो तरुण, तीन वर्षं आमच्या गॅरेजवर डोळा ठेवून आहे. मोठी काच लावणार म्हणतो. गाडीला वायर जोडायची, पडद्यावर उत्तर वाचायचं. शुक्रवारी, वीस तारखेला विक्रीच्या सह्या.

व्हर्नाला म्हटलं, गुडघे दुखतात.

"परवा छपरावर चढला होतास, तेव्हा कुणाचे होते?"

तिने भांडी जरा जोरात ठेवली. तेवढं ऐकू आलं.

१६ ऑक्टोबर

ओपलबाई घरी भाजलेल्या 'पंपकिन पाय'चा तुकडा घेऊन आल्या, भोपळ्याचा. मागे ट्रेलर जोडून घोडीला लेकीकडे न्यायचंय, शनिवारी. म्हणजे घाट ओलांडायचा.

"तू म्हणशील तर जाते, नाहीतर नाही," त्या म्हणाल्या. "वॉल्ट गेल्यापासून गाडीचं मी तुझ्यावरच सोडलंय. तो होता तोवर त्याचीच टकळी चालू असायची. तो गेला, गाडी शांत झाली, तेव्हा कुठे हा सूं कानावर पडला. आधीपासूनच असेल मेला. कुणी ऐकायचं?"

मी मानेने हो म्हटलं.

घाटात उतारावर मागचं चाक जाम झालं तर? मागे ट्रेलर, त्यात घोडी, पलीकडे दरी. आणि दोष आहे की नाही ते मला माहीत नाही. नुसतं माहीत नसल्याचं लपवायला बाईला दोन आठवडे टोलवतोय. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

१७ ऑक्टोबर

घाटात बर्फाचा अंदाज. गाडी पुन्हा वर घेतली, शाफ्ट, क्रॉस, चारही चाकं, सगळं हाताने चाचपलं. कुठे ढिलं नाही, कुठे गरम नाही. हाताचं ऐकावं की ओपलबाईंचं?

१८ ऑक्टोबर

व्हर्ना सकाळी म्हणाली, "ऑर्विल, गुडघ्यांची थाप माझ्याजवळ ठीक आहे. पण जिचं नुकसान होईल तिच्याजवळ तरी खरं बोल." हिला कुणी सांगितलं? मी तर फक्त इथे लिहितो. वही मात्र काल उलटी ठेवली होती की सुलटी, आठवत नाही.

उद्या जातो.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी पिकअप घेऊन ओपलबाईंच्या अंगणात गेलो. त्या येऊन शेजारी बसल्या. वारा पडलेला. समोर गोठा, त्यापलीकडे काही नाही. सगळं सांगून टाकलं – तुमचा तो आवाज मला एकदाही ऐकू आला नाही, पहिल्या दिवसापासून खोटं बोललो, माझे कान गेले, उद्या गॅरेज विकतोय, शनिवारी घाटात जाऊ नका.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "गप. बोलू नकोस जरा. हा बघ – आत्ता वाजतोय. अगदी स्पष्ट."

इंजिन बंद होतं. किल्ली माझ्या खिशात होती.