दोन दगड आणि माझी मिशी

इंदापूर,
१२ मार्च १९९६

तीर्थरूप आबांच्या पायांवर सोपानचा दंडवत. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमची तब्येत कशी आहे? (एरवी हे रीत म्हणून लिहितो, आज खरंच विचारतो आहे.) आईचे गुडघे काय म्हणतात? आता मुख्य गोष्ट सांगतो, पण आधी खाली बसा. आबा, परवापासून इंदापुरात तुम्ही वारलात.

चूक माझीच. दिवाळीत तुम्ही दुकानात आलात, मी आणलेला कारखानी धारेचा दगड पाहिलात, आपला पिढीजात दगड माझ्यापुढे ठेवलात आणि "यंत्रातनं निघालेल्या दगडावर वस्तऱ्याला धार येत न्हाय, नुस्ती खाज येती," असं म्हणून चहा न घेताच एसटीत बसलात. तेव्हापासून मी दोन पत्रं टाकली, तुमचं उत्तर नाही. म्हटलं, एकदाचा काय तो निकाल लावावा. एक वस्तरा तुमच्या दगडावर पाणी टाकून तासभर घासला, दुसरा कारखानी दगडावर दहा मिनिटं. (चामड्याच्या पट्ट्यावर दोन्ही सारखेच फिरवले, अन्याय नको.) परीक्षेला गिऱ्हाईक घेणं धोक्याचं. हातांवरचे केस संपले, पोटऱ्या गुळगुळीत झाल्या, मग आरशात मिशी दिसली. डावीकडची कड तुमच्या दगडावरच्या वस्तऱ्याने घेतली, उजवीकडची कारखानी दगडावरच्या. डावी जरा जास्त गेली म्हणून उजवी बरोबर केली, तर ती आणखीच आत गेली. रोज दहा जणांच्या मिशा सारख्या करतो, पण स्वतःची काही जमेना. शेवटी नाकाखाली माशी बसल्यासारखं काहीतरी उरलं, तेही काढून टाकलं. तुमचा दगड सरस, हे मात्र सिद्ध झालं.

तेवढ्यात मार्केटातले सावळारामतात्या दाढीला आले. बाप जिवंत असताना मिशी उतरवणारा मुलगा त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. "कधी गेलं आबा? आमाला कळवलं बी न्हाय!" म्हणत बाकड्यावर बसून रडायलाच लागले. मी सांगतोय, तात्या, आबा पिंपळीत आहेत, ठणठणीत आहेत. ते आपले माझ्या पाठीवरून हात फिरवतायत. दुपारपर्यंत बाजारभर झालं. शेजारच्या सरुबाई सुतकाच्या घरी द्यायचा कडू घास म्हणून पिठलं-भाकरी घेऊन आल्या. तुमच्या सुनेने, सारजाने, खुलासा केला तर म्हणाल्या, "धन्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, संबाळ गं बाई." (पिठलं खाल्लं. गरम होतं.)

आबा, एक कबूल करतो. लोक दुकानात बसून तुमच्याबद्दल बोलत होते. पन्नास वर्षांत एका गालाला ओरखडा नाही म्हणे, आणि म्हाताऱ्यांची हनुवटी कशी लेकरासारखी धरायचात. मी खुलासे थांबवले आणि ऐकत बसलो. मग मलाही रडू आलं. दहावा माणूस भेटायला आला तेव्हा मात्र कागद घेऊन लिहायला बसलो. दोन पत्रांना उत्तर नाही, कुणी सांगावं? मीच निघून आलो असतो, पण असा बोडका ओठ घेऊन दारात उभा राहिलो तर आई अपशकुन समजून तिथेच कोसळेल. मिशी नीट यायला महिना जाईल, आणि मला आजच दम निघत नाही.

तब्येतीला जपा, थंड पाण्याने अंघोळ करू नका. आईला नमस्कार सांगा, मिशीचं सांगू नका.

तुमचा,
सोपान

ता. क. तुमचा दगड सरस ठरला असं वर लिहिलं, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून. खरं म्हणजे मध्ये तोंड धुवायला उठलो आणि कुठला वस्तरा कुठल्या दगडावरचा हेच विसरलो. दोन्ही सारखेच चालत होते.

पुन्हा ता. क. पाकिटात एक कोरं कार्ड घातलं आहे. राग गेला नसेल तर मजकूर लिहू नका, कोरंच टाका. पत्ता तेवढा तुमच्या हाताने घाला. मला अक्षर ओळखता येतं.