सासरेबुवांच्या सत्तरीचा मासा

२ जुलै, पहाट
आजपासून तळ्यावर मासेमारी. पुढच्या मे महिन्यात सासरेबुवांची सत्तरी. त्या पंगतीत माझ्या हातचा मासा, असं काल सगळ्यांसमोर जाहीर करून आलो. सासरेबुवा म्हणाले, बघू. लग्नाला अठरा वर्षं झाली, माझ्या प्रत्येक बेतावर त्यांचं हेच एक उत्तर. या वेळी तोंडात बोट घालायला लावतो. हिचा प्रश्न: पोहता न येणारा माणूस मासे काय धरणार? संबंध काय? पोहायचं माशाने आहे. मी काठावर बसणार.

९ जुलै
पावसाळ्यात रोहू उथळ पाण्यात, ओढा तळ्याला मिळतो तिथे येतो. पाणी गढूळ, दिसत कमी, म्हणून वासाचं आमिष. गांडूळ. मासेमारीचं पुस्तक आणलंय, त्यात सगळं स्पष्ट दिलंय. रोहूने पुस्तक वाचलेलं दिसत नाही. मिळकत: एक चप्पल. माझीच.

३० ऑगस्ट
शेवाळ, शेवाळ, शेवाळ. रॉड हलका आहे. नवा घेतला.

१४ डिसेंबर
थंडीत मासे सुस्तावतात, तळाशी बसून राहतात. बारीक दोरी, छोटा गळ, कणकेची इवलीशी गोळी आणि संयम. संयम इतका साधला की खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तर गळावरची गोळी गायब. म्हणजे मासा येऊन गेला. अर्धं यश तर पदरात पडलं. सर्दी मात्र पूर्ण.

६ मार्च
उन्हाळा म्हणजे मरळ. काठच्या गवतात दबा धरून बसते, तिला जिवंत बेडूक लागतो. सकाळी बेडूक धरला (धरला! मीच!) आणि भोकं पाडलेल्या डब्यातून ऑफिसात नेला, सुटल्यावर परस्पर तळ्यावर जाता यावं म्हणून. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या बाईंनी आज काय आणलंय म्हणत डबा उघडला. बाई टेबलावर, बेडूक फायलींत. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मरळ आता पुढच्या वर्षी.

२० मार्च
पुस्तकाचं शेवटचं प्रकरण. एकाच जागी, ठरल्या वेळी रोज चारा टाकायचा. गळ नाही. आधी विश्वास, मग गळ. इतकं सोपं होतं तर हे प्रकरण पहिलं का नाही छापलं? शिळ्या पोळ्या आणि थोडी पेंड घेऊन गेलो.

१० एप्रिल
आले! काठावर पाय ठेवला की पाणी नुसतं खदखदतं. सगळ्यात पुढे एक दांडगा कटला. खालचा ओठ पुढे काढून असा बघतो की मला थेट ऑफिसची केबिन आठवते. त्यांना साहेबच म्हणतो. गळ आज टाकणारच होतो, पण विश्वास अजून कच्चा वाटला.

२ मे
साहेबांच्या कल्ल्यापाशी खरचटलंय. ऑफिसात दोन बिलं चुकली. ताज्या पोळ्या कुठे चालल्या, असं हिने विचारलं. शिळ्याने पोट बिघडतं, एवढंच सांगितलं. गळ उद्या. यात भावनेचा काही प्रश्न नाही, टायमिंगचा आहे.

१८ मे, संध्याकाळ
आज सत्तरी. पहाटे सासरेबुवा स्वतःच स्कूटरवर मागे येऊन बसले. म्हणाले, दाखवा तुमचा मासा. पोळी टाकताच साहेब पायाशी हजर. गळाचीही गरज नव्हती. सासरेबुवांनी हातजाळी माझ्या हातात दिली.

"हं, उचला की."

जाळी पाण्यात धरली. साहेब आपण होऊन आत शिरले, पोळी आहे का बघायला. वर बघितलं त्यांनी माझ्याकडे. मी जाळी वाकडी केली. गेले.

सासरेबुवांना समजावलं की उन्हाने पाणी तापलंय, या दिवसांत कटल्याला चव नसते. त्यांनी माझ्या पिशवीतली पोळी घेतली आणि काठावर बसून एकेक तुकडा टाकत राहिले, ऊन चढेपर्यंत.

पंगतीत अंडी आणि बटाटे. मासा कुठाय, असं साडूने मुद्दाम मोठ्याने विचारलं. सासरेबुवा ताटावरून मान न उचलता म्हणाले, "मासा राहू दे. यंदा आमचे जावईच गळाला लागलेत." सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत शेवटी.

२० मे
हिने रॉडवर न्हाणीघराचा पडदा टांगलाय. मला विचारलंसुद्धा नाही. पावसाळ्यात पद्धतशीर सुरुवात करायची आहे, तेव्हा काढून घेईन.

सकाळी सासरेबुवांचा फोन. साहेबांनी खाल्लं का? म्हटलं, हो. मग म्हणाले, "आणि तुम्ही?"

आधी मासा, मग मी. पण अठरा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.