मधलं काम धाकटीचं

४ फेब्रुवारी

हो म्हणून बसले! आता निस्तरा.

नव्या प्रार्थनाघराच्या समोरच्या भिंतीवर टांगायला गोधडी हवी — माणसाच्या उंचीची आणि तेवढीच रुंद. प्रार्थनाघर सांभाळणाऱ्या बाई स्वतः आल्या. "आजी, तुमच्याशिवाय कोणाला जमणार?" मी स्तुतीला भुलते, हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. दार उघडणार वीस मार्चला.

नात म्हणाली, रोज सांगत जा, मी वहीत लिहिते. मला अक्षर येत नाही, बोलता येतं — जरा जास्तच. नात मान डोलावतेय. तेही लिही म्हटलं.

६ फेब्रुवारी

बाई म्हणतात, सूर्य काढा. माझा सूर्य ताटासारखा दिसतो. लोक प्रार्थना सोडून जेवायला जातील!

देव काही मी पाहिलेला नाही. पण अंधार पडल्यावर घरी परतताना लांबून आपली खिडकी उजळलेली दिसते ना — आत कोणीतरी आहे, आपली वाट बघतंय — देवाबद्दल मला तेवढंच ठाऊक. म्हणून चारी बाजूंनी अंधार, आणि मधोमध एक पिवळी खिडकी.

"बस, एवढंच?" नात म्हणाली.

सत्तर वर्षांत एवढंच कळलं, पोरी!

१० फेब्रुवारी

घराघरातून काळे-निळे कपडे मागवले. वापरलेलेच हवेत, नव्या कापडाला कोणाची ऊब नसते. एकाने बस चालवतानाची पँट दिली, एकीने गेलेल्या नवऱ्याचा कोट. कोटाच्या खिशात बडीशेप निघाली. मी खिसा तसाच ठेवलाय. खिडकीचा पिवळा तुकडा नातीच्या बारशाच्या — नाही, पहिल्या फ्रॉकचा. तिला आठवत नाही. मला आठवतो, ओकली होती त्यावर.

२१ फेब्रुवारी

बोटात सुई गेली. देवाच्याच कामात देवाला चार शब्द ऐकवले. ते लिहू नकोस.

१ मार्च

घोटाळा झाला.

तुकडे जोडून झाले होते. मागे अस्तर, मधे जुनी चादर, वर अंधार — तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी धरले आणि धावदोरा घालायला बसले. नेहमीसारखी कडेपासून. चारी कडांनी आत आत येत गेले. आज मधे पोचले, तर कापडाचा सगळा झोळ माझ्यापुढे पळून मधे येऊन बसलेला! खिडकी फुगली. नात म्हणाली, "आजी, घराला दिवस गेलेत." हसले मी. मग हसू येईना.

शिकाऊ पोरगीसुद्धा मधून सुरुवात करते. मग मी का नाही केली? कारण जन्मात कधी केली नाही. आम्ही दोघी बहिणी एकाच गोधडीवर बसायचो. धाकटी अंगाने लहान — ती मधोमध बसून बाहेर सरकायची. ती झोळ माझ्याकडे लोटत आणायची, मी कड ओढून धरायची. कड माझी, मधलं काम धाकटीचं. पन्नास वर्षं. आणि आता हात आपले जुन्या वाटेने निघाले — ती मधे आहेच असं समजून!

२ मार्च

नात विचारते, मग मावशीआजीशी बोलत का नाहीस? लिही.

आई गेली, तेव्हा तिची गोधडी एकच होती. मी सामान बांधून परत आले, तर राणीसरकार कात्री घेऊन बसलेल्या. गोधडीचे दोन तुकडे! "ताई, एक तुझा, एक माझा." मी म्हटलं, आईला कापलंस तू. माझा तुकडा तिथेच टाकून आले. अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मोठी गोधडी घातलीच नव्हती.

शाळेत एकीलाच पाठवायचं होतं, तेव्हा मीच म्हटलं होतं — हिला पाठवा, घर तरी शांत राहील. इतकं शिकली आणि कात्री चालवली.

५ मार्च

दोनदा उसवलं, मधून सुरुवात करून पाहिली. माझे टाके कडेचे — घट्ट, दांडगे. मधे त्यांच्या चुण्या पडतात. बाई येऊन बघून गेल्या. "छान आहे हो" म्हणाल्या. तो हो मला आवडला नाही. म्हणे, नाहीच झालं तर एक तयार चित्र आहे त्यांच्याकडे. सूर्याचं!

७ मार्च

नात फोन लावून देते म्हणाली. नको. पत्र लिहून देते म्हणाली. तुझे शब्द असतील त्यात, माझे नाहीत.

गोधडीची घडी घातली. खिडकीच्या बरोबर मधे सुई खोचली — दोरा ओवून, गाठ मारून. मुलाला म्हटलं, मावशीकडे ठेवून ये. काही बोलू नकोस. त्याला तेही जमेल की नाही, देव जाणे.

९ मार्च

काही नाही.

१० मार्च

काही नाही. बाईंचा निरोप — सूर्य काढून ठेवू का?

११ मार्च

आली! गोधडी काखेत, सुई अजून जागच्या जागी. ना राम राम, ना कशी आहेस. चप्पल काढली, गोधडी अंथरली आणि मधोमध जाऊन बसली. पहिलं वाक्य — "ताई, अजून दोरा जाडच वापरतेस."

मी कड धरली. दुपारभर तेवढंच.

जाताना पिशवीतून माझा तुकडा काढला. आईच्या गोधडीचा. कापलेली बाजू उसवू नये म्हणून तिने दुमडून शिवली होती. कड! तिने कधी कड शिवली होती? टाके असे वाकडे की बघवेना. "तुला दुखवायला नाही कापली गं," म्हणाली, "एक गोधडी कोणा एकीकडे गेली असती, तर दुसरी रडली असती."

मग दोघी रडलोच.

१९ मार्च

झाली. खिडकी पाटीसारखी सपाट. नात हात फिरवून म्हणाली, "बाळंत झालं घर."

२१ मार्च

काल टांगली. आज अक्षर वेगळं आहे — नात परीक्षेला गेली, लिहिणारा हात धाकटीचा. बसल्या बसल्या तिने मागची सगळी पानं वाचून काढली, मला न विचारता. राणीसरकारसुद्धा वाचलं. चष्मा पुसला आणि म्हणाली, "सांग आता, कुठून सुरू करू?"

म्हटलं, मी कडेपासून सांगते. तू मधून ये.