मधल्या खोलीचं छत कुणाच्या हातचं?

प्रिय माय,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. तांदूळ निवडून झाले, पाहुण्यांना निरोप गेले, आणि मी मागच्या खोलीत घमेलं पालथं घालून त्यावर बसून तुला लिहिते आहे. मान आखडली आहे, सिमेंट जाऊन जाऊन डोळे लाल झाले आहेत, आणि मला तुझा भयंकर राग आला आहे. तू समोर असतीस तर आठ दिवस तुझ्याशी बोलले नसते. नाहीस, म्हणून बोलावं लागतंय!

आधी बातमी ऐक. या खोलीच्या छताची छपाई मी केली. जुनं प्लास्टर फोडलं, रेती चाळली, माल कालवला, मचाणावर चढले आणि नव्या प्लास्टरनं छत छापलं. तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरणारी तुझी पोरगी! आता म्हण, "बाईच्या जातीनं मचाणावर चढू नाही."

किती वेळा म्हणालीस ते? बाबा मिस्त्री आणि तू त्यांची रेजा. त्यांनी थापी चालवायची, तू खालून घमेलं द्यायचंस. वीस वर्षं दिलंस. मी दहा वर्षांची असेन, मोहाडीला एका घराचं काम चालू होतं. बाबा बिडी प्यायला बाजूला बसले तेव्हा मी त्यांची थापी उचलली आणि भिंतीवर थोडा माल मारून पाहिला. बाबा हसले. धावत आलीस ती तू, आणि माझ्या हातावर असा फटका मारलास की थापी रेतीत जाऊन पडली. "थापी मिस्त्रीची रायते. तुले कायले पायजे?" तो माझा डावा हात होता, आठवतं तुला? मला या आठवड्यापर्यंत आठवत नव्हतं.

ही खोली मला नीट करायचीच होती. शेवटचे चार महिने तू इथे पडून होतीस, न्हाणीघर जवळ म्हणून. वरून प्लास्टरचे पापुद्रे पडायचे, तुझ्या वरणात, तुझ्या केसांत. मी म्हणायचे, माय, मधल्या खोलीत चल. तू म्हणायचीस, "चालते." मग एक दिवस शेजारच्या वनिताकाकूकडून तू छताखाली जुनं लुगडं बांधून घेतलंस आणि त्याच्याखाली निजलीस. ते लुगडं मी आठ दिवसांपूर्वी सोडलं. अर्धं घमेलं भरून कचरा निघाला. चालते म्हणे! काय चालते?

मिस्त्री शोधले गं मी. एकाच खोलीच्या छतासाठी मचाण कोण बांधतो? दोघं नागपूरला कामावर, तिसरा म्हणाला पीओपीच्या शीटा मारून झाकून टाका. झाकून टाका! आपल्या घरात झाकाझाकी काही कमी झाली नव्हती, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. बाबांचे हात तर आता चहाचा कप धरतानाही हलतात. शेवटी मी तहसीलसमोरचं टेबल बंद ठेवलं, मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि बाबांचा जुना शर्ट अंगात चढवला.

पहिल्या दिवशी जेवढं वर मारलं तेवढं खाली आलं. डोक्यावर, तोंडात, शर्टाच्या आत. बाबा दारात खाट टाकून बसले होते आणि त्यांची टकळी थांबत नव्हती. "जाड मारून राहिली तू!" "मनगट फिरव, मनगट!" "अवं, ते छत हाय, पोळी थापून राहिली का?" वनिताकाकू माल कालवून देत होती आणि पदरात तोंड खुपसून हसत होती. संध्याकाळपर्यंत हातभर छतसुद्धा झालं नाही. मी मचाणावर बसून रडले, रागानं.

दुसऱ्या दिवशी मी मधल्या खोलीत गेले. म्हटलं, चांगलं छत कसं असतं ते तरी पाहावं. पंचवीस वर्षांत ज्याचा चिमूटभर चुरा पडला नाही असं आपलं एकच छत. बाबांची तर ती जाहिरातच होती! घर बांधायचं म्हणणारा माणूस आला की ते त्याला आधी मधल्या खोलीत बसवायचे आणि म्हणायचे, "वर पाहा." माणूस वर पाहायचा आणि काम ठरायचं. चहा तू आणायचीस.

मी स्टुलावर चढले आणि खरवडणीनं चुन्याचे थर काढायला लागले. बाबा मागून ओरडले, "त्याले हात लावू नोको!" इतक्या जोरात मी त्यांना वर्षभरात ओरडताना ऐकलं नव्हतं. मी थांबले नाही. तुम्ही दोघांनीच मला हट्टी केलंत.

चुना निघाला तशा खालून रेघा दिसायला लागल्या. प्लास्टर सारखं करायला शेवटी लाकडी रंधा फिरवतात ना, त्याच्या बारीक गोल रेघा. बाबांच्या हातच्या रेघा मला पाठ आहेत. न्हाणीघरात आहेत, बाहेरच्या भिंतीवर आहेत, मागच्या खोलीत होत्या. या रेघा त्यांच्या उलट फिरल्या होत्या. एक-दोन नाही, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सगळ्या!

तशा उलट्या रेघा मी एकाच ठिकाणी पाहिल्या होत्या. आपल्या अंगणात. तू चारचौघांत सगळं उजव्या हातानं करायचीस, पण सारवायचीस डाव्या हातानं. मी एकदा विचारलंही होतं, मला डाव्या हातासाठी मारतेस आणि तू गं? तू शेणाचा हात तसाच फिरवत म्हणालीस, "जमिनीले थोडी समजते कोणता हात हाय तं."

मी स्टुलावरून उतरले. "बाबा, हे छत कोणाच्या हातचं?"

"माहं घर, माहं छत."

"घर तुमचं. हात कोणाचा?"

बाबांनी वनिताकाकूकडे पाहिलं. ती म्हणाली, "माह्याकडे काय पायता? तुमीच सांगा. माहं तोंड पंचवीस वर्सं शिवून हाय."

मग त्यांनी सांगितलं. घर बांधलं त्या वर्षी त्यांना कावीळ झाली. खाटेवरून उठवत नव्हतं, पावसाळा तोंडावर आला होता, आणि मधल्या खोलीचं छत छपाईविना तसंच. तू म्हणालीस, मी करते. दार लावून घेतलंस आणि तीन दिवसांत छत छापलंस. घमेली वनिताकाकूनं दिली. आणि मी? मी सहा वर्षांची, मला कोंढ्याला मावशीकडे पाठवून दिलं होतंत! आंबे खायला! मी इतकी वर्षं ती आंब्यांची सुट्टी मायेनं आठवत होते, माय. पोरीच्या तोंडून बाहेर फुटू नये म्हणून काढून दिलं होतंस तू मला.

"रेजानं छत छापलं हे समजलं असतं तं मले कोणी काम देलं असतं का?" बाबा म्हणाले. "आन् मी नाही म्हटलं, तुही मायच म्हणे, सांगू नोका."

हे खरं आहे? तू म्हणालीस? तुझ्या छताखाली बसून ते लोकांना वर पाहा म्हणायचे, आणि तू चहाची बशी घेऊन उभी! एकदाही ओठांवर आलं नाही तुझ्या? माझ्या आलं असतं. मी ती बशी जमिनीवर आपटली असती.

यावर कडी ऐक. वनिताकाकू म्हणाली, "रेजाइले सगळ्याइले मालूम हाय." कोणाच्या नवऱ्याला नाही, एकाही मिस्त्रीला नाही, पण या पट्ट्यात घमेलं उचलणाऱ्या सगळ्या बायांना ठाऊक होतं! मी विचारलं, मग घरी कोणी सांगितलं नाही? ती म्हणाली, "नवऱ्याइले कायले सांगाव?" बायांना ठाऊक, पुरुषांना नाही. आणि तुझ्या पोटच्या पोरीला तू पुरुषांच्या रांगेत बसवलंस.

तू शिकलीस कुठे, हे मी विचारलं नाही. ते मला कळलं. मातीची घरं होती तेव्हा भिंती कोण लिपायचं? आजी लिपायची, तू लिपायचीस, गावातल्या सगळ्या बाया लिपायच्या. हातानं. भिंत बाईचीच होती. सिमेंट आलं, थापी आली, आणि तेच काम पुरुषाचं झालं. बाईच्या डोक्यावर घमेलं राहिलं. आणि यावर कोणी ब्रसुद्धा काढला नाही, तूसुद्धा नाही!

बरं, लपवलंस ते लपवलंस. घर चालवायचं होतं, मान्य. पण माझा हात का मारलास? जेवताना माझा डावा हात तू मांडीखाली दाबून ठेवायचीस. "डेबऱ्या हातानं जेवशील तं पंगतीत कोणी बसवणार नाही." शाळेत पाटीवर डाव्या हातानं लिहिलं की गुरुजींच्या आधी तू मारायचीस. मला वाटायचं, माझ्यातच काही वाकडं आहे. तो हात तुझाच होता गं! तुझ्याकडून आला होता! एकदा, फक्त एकदा, माझ्याजवळ बसून सांगितलं असतंस, "माहा बी असाच हाय," तर काय बिघडलं असतं?

तुला भीती वाटली असेल. तुला जे ऐकावं लागलं ते मला ऐकावं लागू नये, असं वाटलं असेल. हे मला कळतं. कळलं म्हणून राग जात नाही.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? त्या चार महिन्यांचा. तू उताणी पडून बाबांनी छापलेल्या छताकडे पाहत होतीस. बाबांनी ते एका दमात दोन बोटं जाड मारलं होतं, म्हणून सुटत होतं. तुझं मधल्या खोलीतलं दोन थरांत, बोटाच्या पेराहूनही बारीक. तुला पडल्यापडल्या सगळं दिसत असणार. कुठे चुकलं, का चुकलं, कसं करायला हवं होतं. आणि तू काय केलंस? लुगडं बांधून घेतलंस.

त्या दिवशी दुपारी मी पुन्हा मचाणावर चढले आणि थापी डाव्या हातात घेतली. पहिला गोळा पडला. दुसरा थोडा पडला. तिसरा बसला, माय! छताला चिकटून बसला! काकूचं हसणं थांबलं. बाबांची टकळीही थांबली, नुसतं अधूनमधून म्हणायचे, "बारीक. आणखी बारीक." चार दिवस लागले. पंख्याच्या हुकाजवळ एक टेंगूळ राहिलं आहे आणि खिडकीकडची बाजू जरा उतरती झाली आहे. असू दे. माझं पहिलं छत आहे. तुझं पहिलं कसं उतरलं ते उद्या सगळे पाहतील.

कारण आज सकाळपासून मी मधल्या खोलीचं छत खरवडत होते. पंचवीस वर्षांचा चुना. बाबांनी या वेळी अडवलं नाही. दुपारी काठी टेकत आले, वर पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "तो दाराजवळचा कोपरा राहिला." माझ्या हातातली खरवडणी घेतली. मी त्यांना कमरेला धरून स्टुलावर चढवलं. दोन्ही हातांनी खरवडणी धरून त्यांनी तो कोपरा साफ केला. खूप वेळ लागला. चुना त्यांच्या तोंडावर पडत होता आणि ते पुसत नव्हते.

उतरल्यावर म्हणाले, "साऱ्या दुनियेले म्हटलं वर पाहा. तिले एकदा बी नाही म्हटलं."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांच्यावरचा रागही अजून शिल्लक आहे, त्यांचा हिशेब त्यांच्याशी वेगळा करीन. तू मध्ये पडू नकोस.

उद्या त्यांच्या जोडीचे जुने मिस्त्री येणार आहेत. पंगत मधल्या खोलीतच बसेल. बाबा म्हणालेत, मी सांगीन. भात वाढेपर्यंत त्यांच्या तोंडून निघालं नाही तर मी सांगीन, हे मी तुला वचन देते. त्या छताला आता पुन्हा चुना लागणार नाही, हेही. नव्या छतालाही सात दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारीन, भेग पडू देणार नाही.

आणि एक. उद्या पंगतीत भात मी डाव्या हातानं वाढणार आहे. कोणी नाक मुरडलं, कोणी विचारलं हे काय, तर मी भांडणार नाही. एवढंच म्हणेन, वर पाहा.

तुझी डेबरी,
शालू