बाबांचा रविवारचा पेशंट

प्रिय ठमे,

फोन उशाशी असताना आईला पत्राची कुठून हुक्की आली, असं म्हणत असशील. पण दवाखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत किती पातळ आहे हे तुला ठाऊक आहे. तुझं नाव काढलं की पलीकडे बाबांचा खल थांबतो. आज ते औषधी आणायला बाजारात गेलेत, तेवढ्यात हे लिहून टपालात टाकून येणार आहे.

माझं बरं चाललंय. सुंठ कुटते, ओवा भाजते, चूर्ण फडक्यातून गाळून पुड्या बांधते. सुंठ नाकात गेली आणि मी शिंकले, की बाबा आतून ओरडायचे, अगं, ते औषध आहे, तपकीर नव्हे! परवा सलग शिंकले, तरी आतून आवाज नाही. जाऊन पाहिलं तर पोटावर हात ठेवून खिडकीकडे बघत बसले होते. मला बघताच खल ओढून घेतला. खलात काहीच नव्हतं.

दर रविवारी बाबा फोन स्पीकरवर ठेवून, वैद्याने वैद्याला विचारावं तसं, तुला त्या हट्टी म्हाताऱ्या पेशंटबद्दल विचारतात, तेव्हा मी पलीकडे भाजी चिरत असते. ‘बाबा आता मला सल्ला विचारतात,’ हे तू मावशीला किती कौतुकाने सांगितलंस! तिने मला सांगितलं आणि मी हसले, पण मेलं हसू काही नीट आलं नाही. आधी तू जेवणाआधी सुंठ द्यायला सांगितलीस. मग जळजळ वाढते म्हटल्यावर सुंठ बंद करून धने-जिऱ्याचं पाणी आणि भिजवलेल्या मनुका दिल्यास. भूक लागल्याशिवाय जेवायचं नाही, रात्रीचं जेवण लवकर, जेवल्याबरोबर आडवं व्हायचं नाही, हेही बजावलंस. गंमत म्हणजे तेव्हापासून आमच्याही घरी धने-जिरं भिजतंय आणि दिवे लागायच्या आत पानं वाढली जातात. बाबा म्हणतात, वय झालं, आता आपणही पथ्य पाळावं. दोन घास खाऊन पोट भरलं म्हणतात आणि ताट माझ्याकडे सरकवतात. त्यांचं उरलेलं खाऊन मी मात्र गरगरीत व्हायला लागलेय.

त्या पेशंटचं वजन उतरतंय का, असं गेल्या रविवारी तू विचारलंस. बाबा नाही म्हणाले. अगदी ठामपणे. दवाखान्यातला वजनकाटा बिघडला म्हणून त्यांनी माळ्यावर टाकलाय, हे तुला माहीत नसेल. काल मी तो खाली काढला आणि वर उभी राहिले. काटा उत्तम चालतोय गं. माझं वजन त्याने जराही हातचं न राखता सांगितलं. त्यानंतर कपाटातून बाबांचा पट्टा काढून पाहिला. कंपनीची भोकं संपून पुढे खिळ्याने पाडलेली वेडीवाकडी भोकं दिसली. मी तिथेच पलंगावर बसले. 

पोटाची तक्रार, उतारवय आणि घटणारं वजन घेऊन कुणी आलं, तर बाबांनी आजवर त्याला पुडी दिलेली नाही. आधी मोठ्या दवाखान्यात जाऊन दुर्बिणीने पोट तपासून या, मग माझं चूर्ण, हा त्यांचा शिरस्ता. रडून विनवण्या करणाऱ्यांनाही त्यांनी परत पाठवलंय. मी परवा तपासणीचा विषय काढला तर उठून अंगणात गेले. घाबरलेत गं ते. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

तुझा तो पेशंट म्हणजे आपले बाबा. तू जे केलंस ते तुला सांगितलं गेलं त्याला धरूनच होतं, तेव्हा उगाच स्वतःला बोल लावू नकोस. नुसतं अपचन असेल असं तू फोनवर म्हणालीस, की त्या संध्याकाळी ते चार घास जास्त जेवतात. तेवढ्यासाठीच ते तुला फोन करतात, असं मला वाटतं. म्हणून आता फोनवर काही सांगू नकोस. पत्र मिळताच निघून ये. लहानपणी रोज सकाळी ते तुला समोर उभं करायचे आणि जीभ बघितल्याशिवाय शाळेत सोडायचे नाहीत. तसंच त्यांना समोर बसव आणि म्हण, बाबा, जीभ दाखवा. मी म्हटलं तर चिडतात. तुला नाही म्हणणार नाहीत. मग तुझा हात धरून ते मोठ्या दवाखान्यातही येतील. मी त्यांचे कपडे पिशवीत भरून ठेवलेत.

तुझीच,
आई