उद्या नऊला, पुलावर

प्रिय दादा,

पत्र मिळताच उघड, खिशात घालून विसरू नकोस. दूधवाल्याच्या हाती देतोय, तो तुझ्या गल्लीत रोज संध्याकाळी येतो म्हणाला. शुद्धलेखन तपासलंय. आई तुरुंगात गेली आणि माझी शाळा सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तूच शिकवलंस. चुकलं की पेन्सिल हिसकावून घ्यायचास. अजूनही प्रत्येक शब्द दोनदा बघतो.

आई बरी आहे. म्हणजे गुडघे गेलेत, पण जीभ तशीच. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता आराम करा." तर म्हणाली, "तुम्ही लोकांची भांडणं थांबवा, मी लगेच आडवी होते." सगळे हसले, मला हसू आलं नाही. मला काही सुचतच नाही हल्ली. दुकानात गिऱ्हाइकाच्या टेबलाचा पाय उलटा बसवला. मालक ओरडले, "डोकं कुठे ठेवून आलास?" पुलावर, असं कसं सांगणार?

उद्या सकाळी तुमचा मोर्चा पुलावरून पलीकडच्या वस्तीत घुसणार, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पुढे तू असणार, हेही. काठ्या कुणाच्या घरी आणून ठेवल्यात, तेसुद्धा लोक बोलतात. पलीकडच्यांनी तुझं दुकान जाळलं, तो वास माझ्याही नाकातून गेलेला नाही, दादा. दुसऱ्याच दिवशी आई त्यांच्याकडे जाऊन बसली, तेव्हा मीही चिडलो होतो. तू घर सोडलंस, मी भांडी आपटली, एवढाच फरक. पण ती परत आली तेव्हा तू ऐकायला थांबला नाहीस. ती म्हणाली, "त्या बाईने मान वर केली नाही माझ्यासमोर. तिच्याच पोराने काडी लावली, हे तिला ठाऊक आहे. जेवत नाहीये ती."

आठवतं, आपण पुलाच्या कठड्यापाशी बसून आईच्या सत्याग्रहाची रांग बघायचो? निघण्याआधी ती सगळ्यांचे खिसे रिकामे करायला लावायची. किल्ल्या, पेनं, छत्र्यासुद्धा टोपलीत. घाबरलेल्या हाताला कशाचाही दगड करता येतो, म्हणायची. गर्दी अंगावर आली की पळायचं नाही, खाली बसायचं. आणि ते जाडे फौजदार? आपण कुठे, कधी बसणार, हे आई त्यांना आदल्या दिवशीच सांगून यायची. एकदा तिची बस चुकली, तर हे रिकाम्या चौकात घड्याळ दाखवत उभे, "बाई, नऊ म्हणाला होतात!" आईने माफी मागितली, रस्त्यावर बसली, मग त्यांनी तिला अटक केली. तू इतका हसलास की हवालदाराने तुझा कान धरला.

आता तिला जमिनीवर बसता येत नाही, म्हणून मी घरातली जुनी खुर्ची दुरुस्त केली. सांधे आवळले, पायांना रबर ठोकलं. पुन्हा पुन्हा बसून बघतो, तरी डुगडुगते. खुर्ची डुगडुगते की मी, तेच कळत नाही. आई म्हणते, तू येऊ नकोस, तुझ्या मनात राग आहे. मी विचारलं, "तुला नाही येत?" म्हणाली, "येतो तर. टोपलीत पहिल्या किल्ल्या कुणाच्या पडायच्या, बघितलं नाहीस?" मग मीही माझ्या किल्ल्या काढून ठेवल्या.

आता मुद्द्याचं. समोरच्याला आधी कळवायचं, ही रीत तिने कधी मोडली नाही. या वेळी समोर तू आहेस. सकाळपासून कागद घेऊन बसते, 'प्रिय' लिहिते आणि पुढे हात चालत नाही. म्हणून मी कळवतोय. उद्या नऊला, पुलाच्या मधोमध. आई खुर्चीवर, तिच्या उजवीकडे जमिनीवर मी, बाकीचे मागे. कुणाच्याही खिशात काही नसेल. तुम्ही आलात तरी आम्ही उठणार नाही. आईच्या डावीकडची जागा मी कुणाला देणार नाही. काठी कठड्याला टेकवून ये.

वाट बघतोय,
तुझाच
धाकटा