एकोणचाळिसावा आठवडा

आये,

तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ बोलले, पण लिहायला बसले ती आज, आणि तीही रागाने. माझी मुलगी सात आठवड्यांची झाली. आत्ता ती झोपली आहे, सासूबाई खालच्या देवळात गेल्यात, नवरा ऑफिसात आहे, आणि दुपारची अशी तासभर शांतता मिळाली की माझ्या डोक्यात ते दहा-बारा दिवस पुन्हा सुरू होतात. सव्वीस वर्षं तू उरणच्या त्या छोट्या प्रसूतिगृहात आया होतीस. किती बायकांच्या उशाशी उभी राहिलीस, तुला तरी मोजता आलं असतं का? आणि मला मात्र साधा एक प्रश्न विचारायचा होता तेव्हा माझ्या फोनमध्ये तीनशे नंबर होते आणि तुझा नव्हता.

तुला मागचं काही माहीत नाही, म्हणून सांगते. लग्नानंतर तीन वर्षं वाट पाहिली आणि मग चार वर्षं उपचार केले. गर्भ बाहेर तयार करून आत ठेवतात, तसे. पहिल्या वेळी राहिलंच नाही. दुसऱ्या वेळी राहिलं आणि नवव्या आठवड्यात ठोके थांबले. तिसऱ्या वेळी टिकलं, तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. या चार वर्षांत माझ्या शरीराने स्वतःच्या मर्जीने काहीच केलं नाही. पाळी यायची ती गोळीने, थांबायची ती इंजेक्शनने. मीटिंग अर्धवट सोडून ऑफिसच्या बाथरूममध्ये मी स्वतःच्या पोटात सुई टोचून घेतलेली आहे. तक्रार करत नाही, त्यामुळेच तर ही झाली. पण शेवटी शेवटी मला एक हट्ट सुचला होता. बाळाने यायचा दिवस तरी बाळाने ठरवावा. कळा आपोआप सुरू व्हाव्यात, मी घाबरून नवऱ्याला हाक मारावी, इतर बायकांची होते तशी माझीही धावपळ व्हावी.

अडतीस आठवडे होऊन चार दिवस झाले होते तेव्हा वाशीच्या डॉक्टरांनी फाइल बंद करता करता सांगितलं, "येत्या गुरुवारी ॲडमिट व्हा. एकोणचाळीस पूर्ण होतायत. जेल लावू, कळा सुरू करू."

मी विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का?"

"प्रॉब्लेम काही नाही. पण ही प्रेशस प्रेग्नन्सी आहे ना. रिस्क कशाला घ्यायची?"

माझ्या फाइलवर पहिल्या महिन्यापासून लाल पेनने तेच दोन शब्द लिहिलेले होते. प्रत्येक वेळी वाचून माझ्या कपाळाची शीर उडायची. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांच्या पोटात काय होतं मग? पण मी फाइल उचलून उठले. बाहेर अजून वीस जणी थांबलेल्या, आणि शेजारी बसलेला नवरा तर मान हलवून मोकळाही झाला होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी साताऱ्याला गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, गुरुवार उत्तम, त्यातही दुपारी बाराच्या आत झालं तर फारच छान. मी म्हटलं, "आई, बाराच्या आत व्हायला ते काय कुरियर आहे?" त्या रुसल्या. नवऱ्याने मला बेडरूममध्ये नेलं आणि दार लावून घेतलं.

"चार वर्षं डॉक्टरांचं ऐकलं म्हणून इथपर्यंत आलो. आता शेवटच्या आठवड्यात तुला काय झालंय?"

"चार वर्षं सगळं दुसऱ्यांनी ठरवलेल्या वेळेला झालं. हे एक तरी आपोआप होऊ दे."

"आणि थांबलो, आणि काही झालं तर?"

नवव्या आठवड्यातल्या त्या सोनोग्राफीच्या वेळी पडद्याकडे बघत तोही उभा होता. माणूस वाईट नाही गं तो. घाबरलेला होता. पण घाबरलेल्या माणसाबरोबर कशावरही बोलता येत नाही, आणि मीही घाबरलेलीच होते, त्यामुळे आम्ही दोघं फक्त आवाज चढवत राहिलो. मग ऑफिसातल्या मैत्रिणीने तिच्या बहिणीची गोष्ट सांगितली, जिची जेलने सुरुवात होऊन दोन दिवसांनी सीझर झालं. नणंदेने दुसऱ्या एकीची सांगितली, जिने वाट पाहिली आणि जिचं बाळ गेलं. फोनवर वाचावं तर एका पानावर एक आणि दुसऱ्यावर त्याच्या उलट. आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य तेच, "टेन्शन नको घेऊ, सगळं नीट होईल."

हे वाक्य ऐकलं की मला तू आठवायचीस. मी आठवीत आहे. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर तुझा डबा घेऊन आले आहे. व्हरांड्यात एक बाई भिंतीला डोकं टेकून उभी आहे, घामाने निथळतेय, तिच्याजवळ कोणीच नाही. मला तिची दया येते आणि मी मोठ्या माणसासारखी म्हणते, "घाबरू नका हं, सगळं नीट होईल." तू बादली घेऊन मागून येतेस. त्या बाईसमोर काही बोलत नाहीस. मला मोरीजवळ नेतेस आणि माझा दंड असा धरतेस की दोन दिवस वळ राहतो.

"सगला नीट होईल, ह्या तुला कोनी सांगला?"

मी दंड सोडवायला बघते.

"माजे सव्वीस... " नाही, तेव्हा सव्वीस झाली नव्हती, बारा-तेरा वर्षं झाली असतील. "माजी इतकी वर्षां गेली इथं, मना म्हाईत नाय. डाक्टरला म्हाईत नाय. म्हाईत नाय ता बोलाचा नाय. पानी पायजे का इचार, हात धर. बास."

तेव्हा मला तुझा भयंकर राग आला होता. मी चांगलंच बोलले होते ना? आता मात्र घरभर लोक मला सगळं नीट होईल म्हणून सांगत होते आणि पाणी हवं का, हे कोणी विचारत नव्हतं.

पण तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. तू संध्याकाळी घरी यायचीस, आधी मागच्या अंगणात अंघोळ करायचीस, मग स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जवळा निवडायला घ्यायचीस. मी अभ्यास घेऊन समोर बसायचे आणि विचारायचे, आज किती झाल्या? तू म्हणायचीस, "दोन. येक पोरगा, येक पोरगी." पुढे काही नाही. माझ्या वेळचं विचारलं की, "दुपारची झालीस. पटकन झालीस," एवढंच. एकदा मावशीच्या तोंडून ऐकलं की तू तीन दिवस अडली होतीस. तीन दिवस आणि पटकन, यातलं खरं काय? कोणी ठरवलं, काय दिलं, तू हो म्हणालीस की कोणी विचारलंच नाही? माझ्या फाइलवर एक रकाना होता, आईची बाळंतपणं कशी झाली. मी तिथे 'माहीत नाही' लिहिलं. आयाची मुलगी मी. तू जे पोटात ठेवून गेलीस त्याचा मला त्या आठवड्यात फार उपयोग झाला असता.

बुधवारी मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले, एकटी. त्यांनी वर न बघताच विचारलं, "उद्या येताय ना?"

"मॅडम, का, ते समजून घ्यायचंय. बाळाचं वजन ठीक, पाणी ठीक, ठोके ठीक. मग उद्याच का?"

"तुम्ही लोक नेटवर वाचून येता आणि..."

"माझी आई लेबर रूममध्ये सिस्टर होती," मी म्हणाले. "सव्वीस वर्षं."

तुला सिस्टर केलं मी, आये. बोलून गेले आणि कानाच्या पाळ्या तापल्या. पण डॉक्टरांनी वर पाहिलं, आणि मला बसा म्हणाल्या. आया म्हटलं असतं तर म्हणाल्या असत्या का? त्या रागानेच मी पुढचं नीट बोलू शकले. थांबलो तर काय होऊ शकतं, आत्ता कळा आणल्या तर काय होऊ शकतं, दोन्ही सांगा म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "खरं सांगू? तुमची पिशवी अजून तयार नाहीये. उद्या जेल लावलं तर वेळ लागेल, सीझरही होऊ शकतं. थांबलात तर बहुतेक काही होणार नाही. पण तुमचं वय आणि हे ट्रीटमेंटचं बाळ, त्यात वार, म्हणजे प्लॅसेंटा, लवकर थकायची भीती थोडी जास्त असते. थोडीच. किती, ते तुमच्यापुरतं मला सांगता येणार नाही." मग म्हणाल्या, "माझ्या एका पेशंटचं बाळ असं गेलं होतं. चाळिसाव्या आठवड्यात. तेव्हापासून मी थांबत नाही. हे माझं आहे, पुस्तकातलं नाही."

नऊ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला माहीत नाही म्हणालं होतं. मला रडू आलं. शेवटी असं ठरलं की चाळीस पूर्ण होईपर्यंत थांबायचं, एक दिवसाआड ठोके आणि पाणी तपासायचं, रोज जेवणानंतर हालचाल मोजायची, आणि कुठेही कमी वाटलं तर वाद न घालता ॲडमिट व्हायचं. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई पोळ्या लाटत होत्या, त्यांनी लाटणं आपटलं. नवरा म्हणाला, "तुला हवं तेच केलंस ना?" आणि बाल्कनीत जाऊन खाडीकडे बघत बसला. गुरुवारी दुपारी बारा वाजून गेले तेव्हा घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

पाच दिवस मी वाट पाहिली. सोसायटीत फेऱ्या मारल्या. पोट जरा आवळलं की वाटायचं, आलं. यायचं नाही. सहाव्या दिवशी जेवणानंतर डाव्या कुशीवर पडले आणि तास गेला तरी दोनदाच हललं. थंड पाणी प्यायले, पुन्हा पडले. मग नवऱ्याला फोन केला. सोनोग्राफीत पाणी कमी झालं होतं. डॉक्टरांनी विचारायच्या आधी मीच म्हणाले, "जेल लावा."

झालं, म्हणजे जे टाळायला एवढी भांडले तेच झालं, फक्त आठवडाभर उशिरा. आधी जेल, मग पुन्हा जेल, मग सलाइनमधून औषध. या कळा चढतबिढत येत नाहीत गं, एकदम अंगावर कोसळतात. त्या सगळ्या वेळात डॉक्टर येऊन जायच्या, सिस्टर येऊन जायच्या, आणि एक आया होती ती तिथेच असायची. पन्नाशीची असेल, बीडकडची वाटली बोलण्यावरून. ती माझी चादर बदलायची, मला पुसून काढायची, मी ओकले ते तिने भरलं. मी कुठल्यातरी कळेला तिच्या मनगटाला नखं रुतवली तर म्हणाली, "धरा, धरा. मला काय व्हत न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाचे ठोके खाली यायला लागले आणि अर्ध्या तासात सीझर झालं. मुलगी. सव्वादोन किलोची, लाल, रागावलेली. रडली ती इतकी जोरात की बाहेर उभ्या नवऱ्यालाही ऐकू आलं.

आता सगळेच बरोबर ठरलेत. सासूबाई म्हणतात, गुरुवारी गेलो असतो तर सुखरूप सुटली असतीस. नणंद म्हणते, सीझरच व्हायचं होतं तर आठ दिवस जिवाला घोर कशाला? डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आलात. नवरा काही म्हणत नाही, मुलीला छातीवर घेऊन बसतो, आणि त्याच्या न बोलण्याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. गुरुवारी काय झालं असतं, कोणाला माहीत? वजन कमी भरलं ते मी थांबले म्हणून, की आधीपासूनच वार थकलेली होती म्हणून? एका पोटाने दोन बाळंतपणं करून ताडून बघता येत नाही. मी डॉक्टरांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, नका विचार करू. करणार नाही तर काय करू, सांग. दर दोन तासांनी दूध पाजायला बसते तेव्हा दुसरं काम काय असतं मला?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि घरातल्या कोणाला दाखवायचं नाही, म्हणून फाडून टाकणार आहे. त्याआधी एक सांगते. टाके दाखवायला दवाखान्यात गेले तेव्हा ती आया समोरून कपड्यांची गाठोडी घेऊन येत होती. तिने मला ओळखलं, हसली, मुलीला बघायला जवळ येऊ लागली. मी फोन कानाला लावला आणि हो हो करत लिफ्टकडे वळले. फोनवर कोणी नव्हतं, आये. मला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं.